एका तोंडाला दोन रंग

मी भिंत बोलतेय. आतली नव्हे, बाहेरची. आतल्या भिंतींचं काय, खिळा ठोका, कॅलेंडर अडकवा, झालं. मी दर्शनी भिंत. रस्त्याने जाणारा माणूस आधी मला बघतो आणि मग ठरवतो, आत कशी माणसं राहत असतील. म्हणजे मी या घराचं तोंडच म्हणा ना! आणि तोंड म्हटलं की थोडा नखरा आलाच. तेवढा चालवून घ्या.

माझा जन्म झाला तेव्हा घरमालक रोज समोर उभे असायचे. ते शिंपी होते. गवंड्याला म्हणायचे, "रेघ सरळ हवी हं, कापड एक वेळ उसवता येतं, ही उसवता यायची नाही." गवंडी हसायचा आणि पुन्हा ओळंबा सोडून बघायचा. प्लास्टर झाल्यावर ते स्वतः सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारायचे. मग मला पांढरा रंग दिला. त्या दिवशी ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि एकटेच हसत बसले. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, यांना काही झालं की काय.

त्यांना दोन मुलं. थोरल्याला सगळे दादा म्हणतात, धाकट्याला छोटू. छोटूचं पोट आज त्याच्या आधी दारातून बाहेर येतं, तरी तो छोटूच. मुलांची आई लवकर गेली. शिंपीबुवांची बहीण, म्हणजे मुलांची आत्या, तिने दोघांना वाढवलं. दोघं माझ्यावर चेंडू मारत बसायचे. धप्प, धप्प! चिखलाचे गोल गोल डाग पडायचे. मग आत्या बाहेर यायची, दोघांच्या हातात एकेक ओलं फडकं द्यायची आणि म्हणायची, "पुसा आता. दोघांनी मिळून. आधी कोण, मग कोण, ते मला सांगू नका." किती छान गुदगुल्या व्हायच्या मला!

मुलं हाताशी आली, तशी आत्या परगावी शाळेत नोकरीला गेली. दादा टपाल कचेरीत लागला, छोटूने बेकरी काढली. दोघांची लग्नं झाली. जावा-जावांचं मेतकूट असं जमलं, की एकीने चहा ठेवला की दुसरी कप घेऊन हजर. आणि मग एक दिवस शिंपीबुवा गेले. घर गप्प झालं.

काही महिन्यांनी विषय निघाला, घराला रंग द्यायचा. तोच माझा घात.

दादा म्हणाला, "पिवळा देऊ. लांबून उठून दिसतो."

छोटू म्हणाला, "पिवळा? डोळ्यांत घुसेल! निळा देऊ, शांत वाटतो."

"निळा द्यायला ही काय पाण्याची टाकी आहे?"

"आणि तुझ्या पिवळ्याने काय, बस दिसेल नुसती. लोक हात करतील थांबवायला!"

इथपर्यंत मलाही मजा येत होती. पण मग दादा म्हणाला, "बाबा असते तर त्यांनी माझंच ऐकलं असतं." आणि छोटू म्हणाला, "त्यांनी आयुष्यभर तुझंच तर ऐकलं." झालं. दोघांनाही ते लागलं. दोघंही उठून आत गेले, आणि जे अबोला धरून बसले, ते बसलेच. घरात मधोमध एक नवी भिंत उभी राहिली. माझ्या दाराशेजारी दुसरं दार फोडलं. रंगारी आला, त्याने वरपासून खालपर्यंत दोरी धरून माझ्या बरोबर मधून रेघ मारली. डावीकडे दादाचा पिवळा, उजवीकडे छोटूचा निळा. अहो, कुणाच्या अर्ध्या तोंडाला पावडर लावून त्याला बाहेर पाठवतं का कोणी? मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे तर विचारू नका. छोटूने घराच्या दर्शनी भागाच्या कल्पनांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. दादाने ते खिडकीतून बघितलं आणि तो मोबाइलवर फोटो शोधायला लागला. दादाने दाराशी एक दिवा लावला, की छोटूने दोन लावले. छोटूने कुंड्या मांडल्या, की दादाने वेल चढवला. दादाने खालच्या भागाला दगडी फरश्या बसवल्या, तर छोटूने दाराच्या दोन्ही बाजूंना गोल खांब उभे केले. खांबांवर काहीच नव्हतं हो, नुसतेच उभे! कुणाची वाट बघत होते कोण जाणे. मला तर लग्नाच्या घरात सगळ्यांचे दागिने एकटीलाच घातल्यासारखं व्हायचं.

आणि या सगळ्या ठोकाठोकीत मला भेग गेली. नेमकी रेघेवर! दादा म्हणायचा, भेग छोटूच्या बाजूला आहे. छोटू म्हणायचा, दादाच्या. म्हणजे ती कुणाचीच नाही. पावसाचं पाणी आत जायचं, प्लास्टर फुगायचं. रंगारी माझ्यावर बोटाने टकटक करून म्हणायचा, "आतून पोकळ झालीय बिचारी. भरली नाही तर एक दिवस पापुद्रे सुटतील." सगळं ऐकू यायचं मला. भीती वाटायची. पण भिंतीने कुणाला हाक मारायची?

तेवढ्यात आत्याचा फोन आला. आधी दादाला, मग छोटूला. खिडक्या उघड्या होत्या, दोन्हीकडे तिने तेच सांगितलं. "आता नोकरी संपली माझी. उरलेले दिवस माझ्या भावाच्या घरात काढावे म्हणते. पण इथे कुणीतरी म्हणालं, तुम्ही वेगळे झालात. तसं असेल तर मी आल्या पावली परत जाणार. अर्ध्या घरात मी राहायची नाही."

दोघांनीही "छे, छे, कुणी सांगितलं?" म्हणून फोन ठेवला. आणि दोघंही आपापल्या पायरीवर येऊन बसले. मध्ये माझी रेघ. दादाने डोळे पुसले. छोटूने तर शर्टाच्या बाहीला नाकच पुसलं. नुसतं तोंड वळवलं असतं तर दिसलं असतं की एकमेकांना! पण आधी बोलेल त्याचं नाक कापलं जाणार ना.

दुसऱ्या दिवशी दादाने रंगाऱ्याला गाठलं. हळूच म्हणाला, "माझी बाजू निळी कर. छोटूसारखी. आत्या येईल तेव्हा घर एक दिसलं पाहिजे. पण त्याला कळता कामा नये. पडदा लाव आणि आत्या आल्यावरच काढ." बायकोलाही सांगितलं नाही त्याने. तिला सांगितलं की चहाच्या कपाबरोबर बातमी पलीकडे पोचणार!

रंगारी बादली घेऊन निघतोय, तोच छोटूने त्याला मागच्या गल्लीत ओढलं. "माझी बाजू पिवळी कर. दादासारखी. पडदा लाव. आणि कुणाला बोललास तर बघ!"

रंगारी माझ्यापुढे येऊन मटकन बसला. या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि आता दोन दोन गुपितं! पण पूर्वी एकदा त्याने एका भावाचा निरोप दुसऱ्याला सांगितला होता, तेव्हा दोघांनीही त्याला झापलं होतं, "तू रंग लाव, निरोप आणू नकोस!" ते त्याच्या मनात होतं. तो बादलीत रंग ढवळत मला म्हणाला, "बाई, तूच ऐक. दोघं ठार वेडे आहेत. मी आपला सांगितलेला रंग लावणार. भेगेचं विचारलं तर दोघंही म्हणतात, राहू दे, ती पलीकडची." आणि तोंड दाबून हसत सुटला. मला हसता येत नाही, नाहीतर तेव्हाच पापुद्रे सुटले असते माझे.

पलीकडेही पडदा लागलेला बघून दोघांना वाटलं, तो आपला जुनाच रंग ताजा करून घेतोय. आत्या आली ती सकाळी. गाडीतून उतरली, बारकी झाली होती, पण आवाज तोच. "काय रे, घराला पडदे कसले?" गल्लीतली माणसं गोळा झाली. दोन्ही जावा दारात. दादा डाव्या पायरीवर, छोटू उजव्या. दोघांच्याही चेहऱ्यावर असं हसू, की आता बघाच!

रंगाऱ्याने दोन्ही पडदे ओढले.

डावीकडे निळा, उजवीकडे पिवळा. मधे रेघ, रेघेत भेग.

आत्याने मला वरून खाली बघितलं. दोन दारं बघितली. मग खाली ठेवलेली बॅग उचलली आणि म्हणाली, "म्हणजे ऐकलं ते खरं होतं तर." ती वळली. माझ्या पायापासून माथ्यापर्यंत कळ गेली.

आणि दादा ओरडला, "अरे गाढवा, तू पिवळा कशाला लावलास?"

"तू निळा कशाला लावलास?" छोटू त्याहून जोरात ओरडला.

"तुला निळा आवडतो म्हणून!"

"मग मला काय माहीत! मी तुझा म्हणून पिवळा लावला!"

आत्या थांबली. रंगारी उलट्या बादलीवर बसून मांड्या थोपटत हसायला लागला. मग धाकट्या जावेला हसू फुटलं, मग थोरलीला, मग सगळ्या गल्लीला. दादा आणि छोटू मात्र हसता हसता रडत होते. दादाने छोटूला मिठी मारली, म्हणजे मारायचा प्रयत्न केला, हात पुरेनात.

आत्या डोळे पुसत म्हणाली, "इतके मोठे झालात, पण अक्कल काही आली नाही. बॅग आत घ्या माझी."

"कुठल्या दारातून?" दोघांनी एकदम विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. संध्याकाळी मी आतून इकडून तिकडे चालत गेले पाहिजे, एवढंच बघा."

मधली भिंत त्या दिवसातच पडली. बिचारीचं मला थोडं वाईट वाटलं, पण जास्त नाही. गवंड्याला बोलावू दिलं नाही त्यांनी. माझी भेगही दोघांनीच भरली. छोटूने सिमेंट-वाळू अशी मळली, जशी बेकरीत कणीकच. दादा थापीने ते आत दाबत होता आणि म्हणत होता, "घट्ट कर जरा." "घट्टच आहे, तुलाच लावता येत नाही." किती वर्षांनी कानावर पडत होतं ते भांडण! आत्या खुर्ची टाकून समोर बसली होती. मला इतका आनंद झाला, की कसा सांगू!

आता तुम्हाला वाटेल, मग मला एक रंग मिळाला असेल. कुठलं काय! दादा म्हणतो, सगळी निळी करू. छोटू म्हणतो, अजिबात नाही, सगळी पिवळी. पुन्हा तेच भांडण, फक्त आता उलट्या बाजूने. म्हणून मी अजून अर्धी निळी, अर्धी पिवळी, तीन दिवे, वेल, कुंड्या आणि बिनकामाचे दोन खांब मिरवत उभी आहे. आणि खरं सांगू? मला आता आवडायला लागलंय. मेहेरबानी करून मला एकरंगी करायला कुणी सुचवू नका.

परवा एक नवं जोडपं फटफटी थांबवून माझे फोटो काढत होतं. त्यांचं घर बांधून व्हायचंय. मुलीने विचारलं, "काका, किती वेगळं दिसतंय हो! ही कल्पना कुणाची?"

पायरीवर चहा पीत बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"याची!"

तुम्हीही या कधीतरी. खुशाल विचारा. उत्तर तेच मिळेल.