झाकली मूठ

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काही उगाच नाही, बाई," इमामचाचा शिकलगार म्हणाले. "तलवारीच्या मुठीत लाख भरलेली असते. तापवली की वितळते आणि पातं सुटून हातात येतं. आत काय निघेल ते मात्र माझ्या हातात नाही. बोला, उघडू?"

मालनबाई त्या मुठीकडे बघत राहिल्या. चोवीस वर्षं नाशिक रोडच्या शाळेत पहिलीच्या पोरांना दरडावणारी बाई, पण आज एवढंसं 'हो' काही तोंडातून निघेना.

दसरा चार दिवसांवर आला होता. भद्रकालीतल्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानात धारेला आलेले विळे, कोयते, कुणाकुणाच्या गंजक्या तलवारी यांचा ढीग पडला होता. बाकावर एका टोकाला मालनबाई आणि त्यांचा मुलगा सुगत. दुसऱ्या टोकाला पुंजाराम पाटील, चांदवडकडच्या सोनखांबचे. पाटलांच्या खिशात पोलिसांना द्यायचा अर्ज होता. त्यांनी तो सकाळपासून दोनदा काढून दाखवला होता, जणू लग्नाची पत्रिकाच! 'आमचे घराण्याची तलवार भिकन याने चोरून नेली असून ती हल्ली त्याचे मुलीकडे आहे.'

भिकन म्हणजे मालनबाईंचे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. मागे ठेवून गेले काय, तर एक पत्र्याची पेटी आणि ही तलवार. गेल्या महिन्यात गावचं कुणीतरी घरी आलं, भिंतीवर तलवार बघून गेलं, आणि गावात जाऊन बोंबललं. झालं, पाटील दारात हजर.

तलवार जावो हो. लोखंडाचा तुकडा तो, मालनबाईंना त्याचं काय? पण तो 'चोरून' शब्द त्यांच्या काळजात रुतला होता. बापानं उभ्या जन्मात कुणाच्या शेतातलं कणीस मोडलं नाही, आणि मेल्यावर त्याला चोर म्हणायचं? म्हणूनच त्यांनी स्वतः होऊन सांगितलं होतं, "शिकलगाराकडे चला. तो सांगेल कुणाची ते."

सांगून तर बसल्या. तलवार आली कुठून, हे त्यांना तरी कुठं माहीत होतं? वडिलांना विचारलं की ते मान फिरवायचे. "ते इचारू नको, मालन." प्रामाणिक माणूस असं म्हणतो का? हा प्रश्न त्यांनी अकरा वर्षं कुणाला बोलून दाखवला नव्हता.

चाचांनी आधी पातं तपासलं. नखानं टिचकी मारली, कान लावला, टोक जमिनीला टेकवून जरासं वाकवलं.

"मुंबईचा व्यापारी म्हनला, फिरंगी पातं असंल तर धा हजार कुठं गेलं नाय," पाटील म्हणाले.

"फिरंगी कशाचं! फिरंगी पातं वाकवून सोडलं की चटकन सरळ होतं. हे बघा, आळस देतंय. मुलकी माल आहे, आपल्याकडच्याच लोहाराचा. शंभर वर्षांच्या वरचा असेल. पाणी चांगलं दिलंय. दोनशे येतील, फार तर अडीचशे."

पाटलांचा चेहरा पडला. पण पाटीलच ते, लगेच मिशीवरून हात फिरला. "पैशाचा सवाल नाय, नावाचा हाय. आमच्या आज्यानं मुठीच्या आत नाव कोरून घेतल्यालं. वडील सांगायचे. उघडा मूठ. नाव निघालं तर बापानं चोरली म्हणून हिनं सही करायची. नाय निघालं तर अर्ज फाडतो." मग आवाज उतरवून ते मालनबाईंकडे वळले. "का वाढवती मालन? गुमान देऊन टाक. सही नको, पोलीस नको. झाकून जाईल सगळं."

सुगतनं आईचा हात दाबला. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात हंगामी होता, दिवाळीत कायम व्हायची आशा होती. "आई, देऊन टाक ना," तो कानाशी म्हणाला. "उघडल्यावर त्यांचं नाव निघालं तर आजोबा कायमचे चोर ठरतील. न उघडता दिली तर निदान कुणाला काही कळणार नाही."

"मला कळेल ना," मालनबाई म्हणाल्या. "मला काहीच कळलेलं नाही, हे रोज कळेल." आणि मग चाचांकडे बघून, "उघडा."

चाचांनी पात्याला ओलं फडकं गुंडाळलं, आचेनं पात्याचं पाणी उतरू नये म्हणून. मूठ निखाऱ्यांवर धरली, भाता हलवला. थोड्या वेळानं मुठीच्या कडेनं काळपट लाल थेंब डोकावला, जळकट वास सुटला. मालनबाईंनी पदर नाकाला लावला, पण डोळे हलवले नाहीत. चाचांनी चिमट्यात मूठ धरून हळूच पिळली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कट् करून आवाज झाला आणि पातं सुटलं.

मुठीतून निघालेलं ते बोटभर रुंदीचं शेपूट चाचांनी पाण्यात बुडवलं, वाळूनं घासलं. "अक्षरं आहेत," ते म्हणाले. मालनबाई पुढे सरकल्या. "माझी नजर गेली आता. कोण वाचतंय?"

पाटलांनी झडप घातली. चष्मा लावला, उजेडाकडे धरलं. ओठ हलले आणि थांबले.

"काय गिचमिड हाय, लागत नाय," ते एकदम म्हणाले. "नाव झिजलंय. घाला मूठ परत."

"आणा इकडे."

"अगं लागत नाय म्हनलं ना!"

"पहिलीतल्या पोरांचं अक्षर लावते मी चोवीस वर्षं. आणा!" त्यांनी पदरात धरून पातं ओढूनच घेतलं.

ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली बाळबोध अक्षरं होती. त्या एकेक अक्षरावर बोट ठेवत गेल्या. सो-न-खां-ब. वे-स. आणि तिसरा शब्द. तिसऱ्या शब्दावर त्यांचं बोट अडलं.

हा शब्द त्यांच्या घरातून छप्पन्न साली गेला होता. दीक्षा घेतली, त्या दिवशी वडिलांनी गावकीचं काम सोडलं, काठी सोडली, आणि सांगितलं, आजपासून हा शब्द या घरात कुणी उच्चारायचा नाही. बाईंनी ते पाळलं होतं. पोराच्या कानावर कधी पडू दिला नव्हता.

"येसकर," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "सोनखांब, वेस, येसकर. पाटील, ही तलवार तुमच्या घराण्याची नाय. वेशीची हाय. येसकराच्या हातात द्यायची हाय. अन् माझा बाप येसकर व्हता!"

रस्त्यावरचे दोघंतिघं वळून बघायला लागले. बघेनात का.

"मग गावची झाली ना?" पाटील चाचरले. "काम सोडलं तवा परत का नाय दिली?"

आणि मालनबाईंना ते गाठोडं आठवलं. काम सोडलं त्या सकाळी वडील काठी आणि एक लांबट गाठोडं घेऊन चावडीवर गेले होते; छोटी मालन मागोमाग जाऊन लांब वळणावरून बघत उभी होती. परत आले तेव्हा काठी नव्हती, गाठोडं मात्र तसंच होतं. पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले होते. तेव्हापासूनच ते 'इचारू नको.'

"दिली होती परत," त्या सावकाश म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी चावडीत होता, पाटील. पायरीवर बसला होता. सांगा, त्या गाठोड्याचं काय झालं?"

पाटलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुरता लबाड माणूस असता तर 'आठवत नाय' म्हणून मोकळा झाला असता. पण इतका काही तो वाईट नव्हता.

"आत काय हाय ते कुणी सोडून बघितलंच नाय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "वडील म्हनले, धर्म सोडून आलाय, तुझ्या हातचं आता गावाला चालत नाय. घेऊन जा." मग मान वर करून, "हे... हे मला ठाव नव्हतं, बाई. तुमी म्हनता ते खरं असंल."

त्यांनी अर्ज काढला, चार तुकडे केले, भट्टीत टाकले. निघताना हात जोडले की नुसताच हलवला, ते काही नीट दिसलं नाही.

मालनबाईंना रडू फुटलं. भर दुकानात, पदरही न लावता त्या रडल्या. परत करायला गेलेला माणूस हा! आणि आपण, पोटची पोर, अकरा वर्षं त्याच्यावर संशय घेऊन बसलो.

"मूठ बसवू ना बाई?" चाचांनी विचारलं. "नवी लाख भरतो. अक्षरं झाकली जातील."

"नको चाचा. मूठ वेगळी बांधून द्या. उघडीच राहू दे आता."

सुगतनं पातं उचललं, ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "आई, येसकर म्हणजे काय गं?"

"गावाच्या वेशीवर पहारा करणारा. गाव निजायचं, तो जागायचा."

"म्हणजे मानाचंच काम की. मग आजोबांनी सोडलं का?"

"पहाऱ्याची मजुरी म्हणून सकाळी दारोदार भाकर मागायला लागायची. मीही गेलेय त्यांच्याबरोबर."

सुगतनं पातं अलगद बाकावर ठेवलं. मग म्हणाला, "आणि आपलं घर? वेशीपाशीच असेल ना, आतल्या बाजूला?"

"नाही रे," मालनबाई म्हणाल्या. "वेशीच्या बाहेर."