चढ आधी

विल्माचं पत्र वाचता वाचता ओरिएत्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेगडीवरची कॉफी उतू गेली तरी तिला भान नव्हतं.

पत्र तसं साधंच होतं. त्रिएस्तेला राहणारी तिची थोरली बहीण लिहीत होती: 'माझी नात तेआ या वर्षी तुमच्या बोलोन्यालाच विद्यापीठात शिकायला येतेय. त्याआधी दोन दिवस गाव बघून जाते म्हणते. तीस वर्षं तू परक्यांना बोलोन्या दाखवलंस, आता घरच्या पोरीला दाखव. सगळं नीट आखून ठेव. आणि तिला मनोऱ्यावर पाठवायला विसरू नकोस हं! आपण दोघी गेलो होतो, आठवतं? काय मजा आली होती!'

"मजा!" ओरिएत्ता रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडली. "माझ्या जन्माचं वाटोळं केलं आणि बाईसाहेबांना मजा आठवतेय!"

बोलोन्यात शेंबडं पोरही जाणतं, की पदवी हातात पडेपर्यंत विद्यार्थ्यानं असिनेल्ली मनोरा चढायचा नाही. चढला की संपलं, पदवी काही मिळत नाही. शिकलेसवरलेले लोक याला हसतात, पण स्वतःच्या पोरांना पायरीवर पाय ठेवू देत नाहीत.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी दोघी बहिणींची शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, तेव्हा विल्मानंच टूम काढली. "कुठल्या जमान्यात वावरतेस गं? म्हाताऱ्या बायकांसारखी भितेस!" झालं, ओरिएत्ता इरेला पेटली. अर्ध्या वाटेत विल्माच्या चपलेचा पट्टा तुटला. "तू हो पुढे," ती म्हणाली, "मी खाली थांबते." ओरिएत्ता एकटी चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या चढली.

दहाव्या दिवशी आईला अर्धांगवायू झाला. कुणीतरी घरी थांबायला हवंच होतं. विल्मा परीक्षेला बसली, पदवीधरांना घालतात तो हिरव्या पानांचा मुकुट डोक्यावर घालून घेतला, त्रिएस्तेला नोकरी धरली आणि तिकडचीच झाली. ओरिएत्तानं अकरा वर्षं आईची उठबस केली. तिची पुस्तकं माळ्यावर गेली ती गेलीच.

आता दुखणं काय मनोऱ्यानं आणलं? लोक म्हणतील, काहीतरीच तुमचं! म्हणोत बापडे. ओरिएत्तानं दोघांवर डूख धरला होता, मनोऱ्यावर आणि बहिणीवर. मनोऱ्याचं ती काय बिघडवणार, तो मुळातच कललेला. राहिली बहीण, ती पडली तीनशे किलोमीटर दूर. आणि आज तिनं आपणहून नात हवाली केली होती. पोर त्रिएस्तेची, तिला बिचारीला इथल्या रीतीभाती काय ठाऊक!

ओरिएत्तानं चष्मा लावला, कोरा कागद घेतला आणि दोन दिवसांचा बेत आखायला बसली. प्रवाशांना फिरवायचा तिचा एक ठरलेला नियम होता: चढ आधी, चर्च मग, जेवण शेवटी. पाय ताजे असतात तोवर चढवून घ्यायचं. पहिल्या ओळीत तिनं ठसठशीत लिहिलं, 'शनिवार, सकाळी नऊ, मनोरा.' खाली दोन रेघा ओढल्या. मग सान पेत्रोनिओचं चर्च, मग भाजीबाजाराची गल्ली, रविवारी कमानींखालून डोंगरावरच्या देवळापर्यंत. कागद बघून तिला इतकं बरं वाटलं, की सांडलेली कॉफी तिनं गुणगुणत पुसली.

"तुझ्या घरातही एक बिनमुकुटाची राहू दे, विल्मा," ती कागदाला म्हणाली. "मग कळेल मजा."

तेआ शुक्रवारी संध्याकाळी आली. एकोणीस वर्षांची, उंच, मोकळ्या आवाजाची पोर. आल्या आल्या तिनं ओरिएत्ताच्या दोन्ही गालांना गाल लावले, बेताचा कागद वाचला आणि म्हणाली, "अगंबाई, मावशीआजी, किती निगुतीनं आखलंयस! आमच्या आजीला तर बाजाराची यादीसुद्धा धड करता येत नाही."

ओरिएत्ताला हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. पोरीच्या गोडव्याला भुलायचं नाही, असं तिनं रात्री उशीला डोकं टेकताना स्वतःला बजावलं.

सकाळी नऊच्या ठोक्याला दोघी मनोऱ्याच्या दाराशी होत्या. ओरिएत्तानं तिकीट काढून पोरीच्या हातात दिलं. एकच!

"हे काय? चल ना तूपण," तेआ म्हणाली.

"माझे गुडघे कुठले ऐकायला! तू हो पुढे, मी खाली थांबते."

तेआ खो खो हसली. "तूही आजीसारखीच! तिनं सांगितलंय मला. तुम्ही दोघी चढत होतात आणि अर्ध्यात तिला उंचीचं भ्या वाटलं, म्हणून चप्पल तुटल्याची थाप मारली. चप्पल धडधाकट होती म्हणे! अजून सांगताना हसते."

"उंचीचं भ्या? विल्माला?"

चौथ्या मजल्याच्या कौलांवरून चालत जाऊन वाऱ्यानं उडालेला मोजा आणणारी विल्मा! तिला कसलं आलंय उंचीचं भ्या? तिला भ्या होतं मुकुट हुकण्याचं, आता ते विसरली असेल एवढंच. अर्ध्या वाटेत तिची छाती दडपली, ती हळूच उतरली, आणि धाकट्या बहिणीला मात्र म्हणाली, तू हो पुढे.

आणि आत्ता आपण काय म्हणालो? तेच! शब्दन् शब्द तेच!

तेआ दारातून आत शिरली होती. तिसऱ्या पायरीवर पाय पडणार तोच ओरिएत्तानं धावत जाऊन तिच्या पाठीवरची पिशवी धरून मागे ओढली. गुडघे कुठे दुखले नि काय!

"उतर! आधी खाली उतर म्हणते ना!"

"अगं पण झालं काय?"

ओरिएत्तानं तिथेच, तिकीटवाल्यासमोर, सगळं सांगितलं. रीत सांगितली, ती परीक्षा सांगितली, आईचं दुखणं सांगितलं.

तेआचा चेहरा उतरला. "म्हणजे तू मला मुद्दाम चढवत होतीस?"

"मुद्दाम."

"मी काय वाकडं केलंय तुझं?"

"काही नाही, बाळा. चोर सोडून संन्याशाला सुळी देत होते."

पोर बराच वेळ तिकिटाची सुरळी करत राहिली. मग म्हणाली, "राग आलाय मला. खूप आलाय. पण भूकही लागलीय."

त्या दिवशी ओरिएत्तानं जन्मात पहिल्यांदा नियम मोडला आणि जेवण आधी घातलं. उरलेल्या वेळात तिनं पोरीला असं बोलोन्या दाखवलं, जे कुठल्याच प्रवाशाला दाखवलं नव्हतं. तिसऱ्या ओळीतल्या भाजीबाजारात तेआनं तिच्याशी धडपणे बोलायला सुरुवात केली. रविवारी देवळाच्या चढावर ती म्हणाली, "तू परत परीक्षेला का नाही गं बसलीस?" सत्तेचाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ओरिएत्ता कमानीच्या कठड्यावर बसून ढसढसा रडली.

आईची खोली रिकामीच होती. खिडकी पूर्वेची, विद्यापीठ चालत दहा मिनिटांवर. रविवारी रात्री गरम सूपमधल्या सारणभरल्या तोर्तेल्लिनी खाता खाता तेआनं आजीला फोन लावला. "आजी, तू जागा धरलीयस त्या नन्सच्या वसतिगृहात नको म्हणून कळव. मी इथेच राहणार, मावशीआजीकडे. आणि दर शनिवारी घरी यायला नाही जमायचं. ती माझा अभ्यास घेणारेय."

पलीकडून विल्माचा आवाज आला, "तिला दे फोन." ओरिएत्तानं घेतला.

"ओरी, माझी पोर आहे ती."

"आता माझ्याकडे आहे."

"असं गं काय! मुकुट घालतील तेव्हा मला बोलावशील ना?"

"बोलावणार तर! दोन दिवसांचा बेतसुद्धा आखून ठेवते तुझा," ओरिएत्ता लोण्यासारख्या आवाजात म्हणाली. "चढ आधी. चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या, अगदी वरपर्यंत. तुझी पदवी तर केव्हाच झालीय, आता भ्यायचं कशाला? मी येईन बरोबर. आणि विल्मा, चप्पल तीच घाल. तुटली नव्हतीच ती."

ओरिएत्तानं फोन ठेवला आणि पोरीच्या ताटलीत आणखी दोन पळ्या सूप वाढलं.