हळदीच्या डब्यातली चावी

निवडणूक आटोपली, गुलाल धुऊन निघाला आणि गनीभाईंची बंदूक पोलीस ठाण्यातून घरी निघाली. आचारसंहिता लागली की जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची, हे बावीस वर्षं ठरलेलं. या खेपेला सोबत अमेरिकेहून आलेला जावई होता, उझैर. तो मोटारसायकलवर मागं बंदूक उराशी धरून बसला होता आणि बेलापुरात भेटेल तो विचारत होता, "गनीभाई, लेक माहेरी आणली का?" हा विनोद गनीभाईंना दर निवडणुकीला तितकाच आवडायचा.

आज मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळीच लेकीनं, रुमानानं, त्यांना गोठ्यामागं गाठलं होतं. "अब्बा, हे परत गेले की पिस्तूल घेणार आहेत. उशाशी ठेवणार म्हणतात. इनाया चार वर्षांची, सगळ्या खणांत हात घालते. मला झोप लागायची नाही. तुम्हीच सांगा त्यांना."

सांगायचं काय, कपाळ? स्वतःच्या भिंतीला बंदूक टांगून दुसऱ्याला उपदेश करायला तोंड कुठलं?

ओट्यावर चहा घेताना उझैरनंच विषय काढला. "अब्बा, तिकडं हा माणसाचा हक्कच आहे. दुकानात जायचं, फॉर्म भरायचा, कंप्युटरनं होकार दिला की अर्ध्या तासात घेऊन यायचं. तुम्हाला किती दिवस लागले?"

"दीड वरीस. तलाठी, फौजदार, कलेक्टर. शकिलाचा हात मागितला तवा बी येवढी चौकशी झाली न्हवती."

"झाली असती तर बरं झालं असतं," शकिला आतून म्हणाली.

उझैर हसला. "पण आपलं घर राखायला कुणाची परवानगी का लागावी?"

मुद्दा बिनतोड होता. गनीभाईंना तो पटलासुद्धा, आणि हीच पंचाईत होती.

"बरं, एक बार तरी काढून दाखवा," उझैर म्हणाला.

"चावी आनावी लागंल."

काडतुसं घरातच, लोखंडी पेटीत. पेटीची चावी मात्र शेजारच्या सोपानच्या बायकोकडं, भागिरथीकडं. दोघं तिकडं गेले तेव्हा ती चुलीपुढं भाकरी थापत होती. "कशाला पायजे?" तिनं मान वर न करता विचारलं.

"उसात डुकरं येत्यात. आन जावयाला बार दाखवायचाय."

"मग बसा. आधी जेवा."

उझैरला काही उमगेना. "तुमच्या बंदुकीची चावी यांच्याकडं?"

"लायसन देताना फौजदार शेजाऱ्यांचा जबाब घ्यायला आल्ता," भागिरथी म्हणाली. "मानूस कसा हाय, म्हनला. मी म्हनलं, सोन्यासारखा, पर राग लई. बंदूक द्या, चावी माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

फौजदार हसून गेला होता. गनीभाई मात्र चार दिवस फुगून बसले होते आणि बंदूक घरी आली त्या दिवशी मुकाट्यानं चावी आणून दिली होती. पुढचं त्यांनी शकिलालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ते आज जावयापुढं, ताटावर बसून, त्यांनी सांगून टाकलं.

"एकदा पाटाच्या पान्यावरून चुलतभाऊ फैयाजशी लई भांडान झालं. मी तरातरा हितं आलो, चावी द्या म्हनलं. वहिनी म्हनल्या, पिठलं उतरतंय, जेवून जा. पयल्या भाकरीला राग हुता. दुसरीला उतरला. तिसरीला माजीच मला लाज वाटली." ते थांबले. "काल तुमच्या दावतीची बिर्यानी त्यानंच रांधली."

उझैरनं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

"तुमच्या शेजाऱ्याचं नाव काय, जावईबापू?"

"त्यांच्याकडं एक मोठा पांढरा ट्रक आहे..."

"नाव इचारलं."

चार वर्षं तिथं राहून उझैरला ते माहीत नव्हतं.

"घ्या की पिस्तूल. हक्क हाय तुमचा," गनीभाई म्हणाले. "फकस्त चावी ठिवायला आधी एक घर बघा."

भागिरथीनं हळदीच्या डब्यातून पिवळीधम्मक चावी काढून दिली. तिन्हीसांजेला उसाच्या कडेला बार निघाला तेव्हा निंबावरचे पोपट कलकलाट करत उडाले आणि इनायानं टाळ्या पिटल्या. गनीभाईंना तिच्याकडं बघून इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

दोन महिन्यांनी व्हिडिओ कॉल आला. भागिरथीनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन उझैर शेजारी गेला होता. वॉल्टर नावाचे म्हातारे गृहस्थ, एकटेच. चावीची गोष्ट त्यांनी नीट ऐकून घेतली, आत गेले आणि आपल्याच बंदुकीच्या कपाटाची चावी आणून उझैरच्या हातावर ठेवली.

"बायको गेल्यापासून मन ठिकाणावर नसतं, ही चावी घरात नको वाटते, म्हणाले," उझैर सांगत होता. "कुणाला द्यावी, तेच कळत नव्हतं त्यांना."

"आन तुमचं पिस्तूल?"

"अजून दुकानात गेलो नाही, अब्बा. आधी ही सांभाळतो."

मागून रुमाना पुढं आली आणि तिनं हसत हळदीच्या डब्यात चावी ठेवून पिवळी झालेली बोटं दाखवली. गनीभाई मोबाईल घेऊन तसेच कुंपणाशी धावले. "वहिनी, तुमची शाखा निघाली अमेरिकेत!"

भागिरथीनं सगळं ऐकून घेतलं, हात पदराला पुसले आणि मोबाईलकडं बघून विचारलं, "नुसती चावी ठिवून भागत न्हाई. त्येला जेवायला घालता का?"