घासलेला गुडघा

बिशपसाहेब, देवाचं तोंड घासून काढायचा हुकूम तुमचाच. आता फादरच्या झग्यामागे लपू नका.

तुमची चिठ्ठी आली तेव्हा रंगारीण चर्चमध्ये वेदीमागे शिडीवर होती. क्रूसावरचा लाकडी येशू तिच्या बापाने कोरलेला. गुडघे सोललेले, नाक चेपलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. चिठ्ठीत लिहिलं होतं: देव म्हणजे परमसौंदर्य, सबब अंगावरचे ओंगळ व्रण घासून, खाचांत लांबीचा लगदा भरून मुद्रा प्रसन्न करावी.

बापाचं काम म्हणून हात अडखळला, पण पोटाला बाप नसतो. पायापासून सुरुवात, तोंड शेवटी, ही बापाचीच शिकवण. तिने पॉलिश पेपर चालवला. उजवा गुडघा गुळगुळीत झाला.

खाली काठी आपटली. तिसऱ्या बाकावर काकू.

"अगं ए शहाणे! तुझ्या काकाचा गुडघा कुठे गेला?"

"काकू, येशूचा आहे तो."

"असेल येशूचा! खाणीतून वर काढला तेव्हा तुझा काका असाच दिसत होता. तुझ्या बापाने भावाला बघून कोरलाय. घरात त्याचा एक फोटो नाही. तीस वर्षं दर रविवारी इथे बसते, ती काय प्रवचन ऐकायला? ते ऐकून तर बाकंसुद्धा पेंगतात."

बाप हे कधी बोलला नव्हता. रंगारणीच्या मनगटावर लाकडाचा भुगा होता. तो झटकायचं तिचं धाडस होईना.

तेवढ्यात फादर आले. "तोंड राहिलं की!"

"राहू द्या."

"अगं, लग्नाचे फोटो खराब येतात त्याच्यामुळे."

"क्रूसावर माणूस मारलाय, फादर. नवरदेव नाही उभा केलेला."

"काम जाईल तुझं. दुसरा रंगारी बोलावतील."

"बोलवा. शिडी माझी आहे, ती मी नेते."

तिने खरंच नेली. पण शिड्या काय, ढिगाने मिळतात.

बिशपसाहेब, त्याला रूप नव्हतं, लोक त्याच्याकडे बघून तोंड फिरवायचे, हे दरवर्षी गुड फ्रायडेला बायबलातून तुम्हीच गळा काढून वाचता. मग तोंड फिरवणाऱ्यांत तुम्ही पहिले कसे? गुडघा गेला, तो आता परत येत नाही. तोंड अजून शाबूत आहे आणि काकू बाकावरून हललेली नाही. दुसऱ्याला पाठवू नका. स्वतः या, तिच्यासमोर शिडीवर चढा, आणि बोट ठेवून दाखवा: या तोंडात ओंगळ काय आहे?

उत्तर द्या.