न पटलेली आत्या

रुख्मिणी बडनेऱ्याहून रोज गाडीनं अमरावतीच्या कॉलेजात यायची. एकसष्ट सालची गोष्ट. बी.ए.च्या वर्गाला कथा लिहायला शिकवत होते पुण्याहून नवेच आलेले आठल्ये सर. "ओळखीच्या माणसावर लिहा," सर म्हणाले, आणि रुख्मिणीनं आपली मैनाआत्याच कागदावर उतरवली. भाची न जेवता निघाली म्हणून आत्या डबा घेऊन बडनेरा स्टेशनात गेली आणि इंजिनापुढं उभी राहून तिनं गाडी अडवून धरली, हा घडलेला प्रसंग जसाच्या तसा लिहिला.

वही परत आली ती लाल शाईचा शेरा घेऊन: 'पात्र पटत नाही. अशी बाई असूच शकत नाही.'

रुख्मिणीचा तिळपापड झाला. त्या रागातच दुसऱ्या दिवशी ती न जेवता घरून निघाली.

तिसऱ्या तासाला सर फळ्यावर 'पात्राची विश्वसनीयता' असं लिहीत होते, तोच दारातून आवाज आला.

"ओ मास्तर, थांबा जरा. पोरगी उपाशी हाये. तिले जेवू द्या, मंग शिकवा."

सरांनी तोंड उघडेपर्यंत आत्यानं टेबलावरची पुस्तकं सारून डबा मांडलासुद्धा. रुख्मिणी मान खाली घालून भाकर-ठेचा खाऊ लागली.

शेवटी सरांनी खडू खाली ठेवून हळूच विचारलं, "बाई, त्या दिवशी गाडी किती वेळ थांबली होती हो?"

"इचं जेवन होयेपर्यंत," आत्या म्हणाली. "पन तो डायवर तुमच्याहून शहाना व्हता. त्यानं भाकर मांगून घेतली."