देवाच्या रेड्याचे पांढरे रेडकू

गव्हाण गावातल्या एका गोठ्यासमोर माणूस मावत नव्हता. गोदूच्या काळ्याकुट्ट म्हशीने पांढरेशुभ्र, गुलाबी डोळ्यांचे रेडकू दिले होते, आणि गाव ज्यांच्या शब्दावर चाले त्या मिथुनबाबांनी हे दिवाळीतच सांगून ठेवले होते: "ज्या घरात पापी पाऊल, त्या गोठ्यात पांढरं येईल."

पाप गोदूच्या सुनेच्या माथी बसले. मिताली गाठोडे घेऊन दाराशी उभी होती. दिवस मावळण्याआधी तिने माहेरी जावे, असा बाबांचा हुकूम होता.

"यमाचं वाहन बाटवलं हिनं!" ताटातले उडीद-तांदूळ उधळीत बाबा गरजले.

शेजारी म्हणून मी पनवेलहून पशुवैद्य मुबीनाबाईंना बोलावून घेतले होते. त्यांनी रेडकू तपासले. "मावशी, याचा बाप कोणता?"

"देवाचा रेडा! बाबांनीच गावाला दिलाय. दुसरा आमाला चालत नाय," गोदू म्हणाली.

"आणि या म्हशीचा बाप?"

गोदू घुटमळली. "तोच की."

"माणसांत बापलेकीची अशी सोयरीक कराल का?"

कोणीतरी फिसकन हसले. मुबीनाबाईंनी बाबांच्याच ताटातले दाणे उचलले.

"रंगाचा एक दाणा आईकडून येतो, एक बापाकडून. काळा उडीद आणि पांढरा तांदूळ मिळाले, तर जनावर काळंच दिसतं. तांदूळ आत दडून राहतो. रेड्यात तो दडलाय, त्याच्या या लेकीतही उतरलाय. अशा जोडीच्या चार पिल्लांत सरासरी एकाला दोन्ही तांदूळच मिळतात. ते पांढरं. यात सुनेचा दाणा कुठला?"

"मग मला आधी कसं कळलं?" बाबांनी दरडावले.

गोदूने मितालीचा दंड धरून तिला रस्त्याकडे वळवले.

तेवढ्यात शेजारची शांती पुढे आली. "दिवाळीच्या आधी आमच्या म्हशीलापन पांढरं झालेलं. तीपन त्याच रेड्याची लेक. बाबा बोलला, गप ऱ्हा, नायतर घर बुडंल. आन् रेडकू घेऊन गेला. आमच्या घरात तर सूनच नाय!"

बाबांना दिव्यदृष्टी नव्हती; आधीची खबर होती. त्या रेड्याच्या लेकी घरोघर होत्या, कुठल्यातरी गोठ्यात पांढरे येणारच होते. पाप कोणाचे, ते नंतर ठरवायचे.

बाबा ताट तिथेच टाकून निघाले. गोदूने सुनेच्या हातातले गाठोडे काढून घेतले. "चल आत. त्या रेडकाला ऊन सोसायचं नाय, सावलीत बांध."

कोणाला घराबाहेर काढण्यापूर्वी पुरावा मागावा. आणि पुरावा मागितल्यावर जो शापाची भीती घालतो, त्याच्यापाशी पुरावा नसतो.