पूजलेला रेडिओ

"काय हाय त्यात?"

"बियाणं."

हे पायवाटेवर. विचारणारी खालच्या वाडीची धोंडूबाई, डोक्यावर गवताचा भारा. बियाण्याला कोपरे नसतात हे तिला कळत होतं. हैबतीलाही कळत होतं. चवाळ्यात बांधलेलं खोकं त्यानं डोक्यावरून काखेत घेतलं आणि उतार धरला.

"काय हाय त्यात?"

"देवाचा मुखवटा. उजळायला नेतोय."

हे पोलादपूरच्या स्टँडवर. विचारणारा कंडक्टर. मुखवटा म्हटल्यावर त्यानं खोकं टपावर टाकू दिलं नाही. "देव कुठं टपावर घालतात? पुढं बसा बाबा, मांडीवर घ्या." पुढच्या बाकावरचा माणूस उठला आणि हैबतीला जागा मिळाली. शेजारच्या म्हातारीनं चवाळ्याला बोटं लावून ती कपाळाला टेकवली. "कुठला देव हो?" तिनं विचारलं.

हैबती खिडकीबाहेर बघत राहिला. महाड येईपर्यंत त्यानं मान आत वळवली नाही.

*

झालं ते असं. वाडी सांगते तसं.

वाडी पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला. हैबतीचा मुलगा सदू मुंबईला गोदीत. शिमग्याला आला तेव्हा महाडच्या बाजारपेठेतून बॅटरीवर चालणारा रेडिओ घेऊन आला. वाडीत वीज नव्हती, तरी हा बोलणार होता. पण रजा संपली. खोकं बंद ठेवूनच सदू परत गेला आणि जाताना म्हणाला, मुहूर्त बघून लावा.

नवा नांगर असो की नवी गाय, वाडीत मुहूर्ताशिवाय काही सुरू होत नाही. भटजींनी दिवस दिला, वेळ दिली. जेवणं उरकल्यावर, उन्हं कलताना.

खोक्यातल्या कागदावर चित्र होतं. चित्रात बघून लांब तार फणसावर चढवली. आखूड तार तुळशीच्या ओल्या मातीत पुरली. रेडिओ पाटावर बसवला. हैबतीची सून आनंदी हिनं हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, तांब्यातलं पाणी बोटांनी शिंपडलं. मग गिरणीत चार वर्षं काढून आलेला महिपत पुढं झाला. "बाजूला व्हा. ह्याला हँडल करायला माणूस पायजे." त्यानं बटण फिरवलं.

स्स्स्स.

दुसरं बटण फिरवलं. पहिलं पुन्हा फिरवलं.

स्स्स्स.

सगळी वाडी वाकून ऐकत होती. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसला आवाज.

"पाणी गेलंय आत," महिपत म्हणाला. "शॉर्ट झाला. बंद करा, नायतर पेटंल. पुन्यांदा हात लावू नका कोणी."

सगळ्यांनी आनंदीच्या हातातल्या तांब्याकडं बघितलं. तिनं तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात हैबतीच बोलला.

"ही पोर हात लावील ती वस्तू मरते. म्हस आटली तीबी हिच्याच हाताला."

वाडी इथं थांबते. वाडीला एवढंच सांगायचं असतं.

त्यानंतर शेजारच्या घरी लग्न निघालं. हळदीला सगळ्या सुना बोलावल्या, आनंदीला बोलावलं नाही. पेरणीचं भात निवडायला ती बसली तेव्हा एका बाईनं तिच्या पुढ्यातलं सूप उचलून दुसरीकडं ठेवलं. बोलली काही नाही, नुसतं सूप उचललं. ही गोष्ट पाचाडला तिच्या माहेरी पोचली. तिचा बाप कोंडाजी आला, अंगणात उभा राहिला, पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यानं घेतला नाही. पोरीला घेऊन गेला.

हैबतीची बायको तुळजाबाई तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. आज सकाळी तो खोकं बांधत असताना मात्र दारात येऊन म्हणाली, "बिघडलेला रेडिओ दुकानदार परत घेईल. पोर कोण देईल परत?"

*

सदूनं रेडिओ घेतला ते महाडच्या बाजारपेठेतलं दुकान घड्याळं आणि रेडिओ विकणारं होतं. फळीवर सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती.

"शेट, माझ्या सदूनं नेलेला हा परत घ्या. बिघडलेला हाय."

"उघडला होतात का?"

झालं ते असं. हैबतीनं दुकानदाराला सांगितलं तसं:

"नाय. कोणी हात लावला नाय. नेला तसाच आणलाय."

दुकानदारानं चवाळ्याची गाठ सोडली. रेडिओच्या तोंडावरच्या कापडात कुंकू मुरलं होतं. दोन्ही बटणांना हळद. आकड्यांच्या काचेमागं तांदळाचा एक दाणा, आत कसा गेला देव जाणे, पण अगदी मधोमध उभा.

"न उघडताच पूजा केलीत?" दुकानदारानं विचारलं. चिडून नाही, अगदी सरळ आवाजात.

बाकड्यावर एक माणूस घड्याळ दुरुस्त व्हायची वाट बघत बसला होता. तो हसला. मग ते बरं दिसत नाही असं वाटून त्यानं ते हसू खोकल्यात घातलं. हैबतीला ते हसू चाललं असतं. खोकला सहन झाला नाही.

"केली पूजा," तो म्हणाला. "पाणी गेलंय आत. सुनेनं पाणी शिंपडलं."

दुकानदारानं मागची फळी काढली, आत वाकून बघितलं. बोट फिरवून बोट दाखवलं. कोरडं.

"थेंबही नाही."

फळी बसवली, बॅटरी जोडली, तारा जोडल्या, बटण फिरवलं. दुकानात एक बाई बोलायला लागली. कैरीच्या लोणच्याला मीठ किती, बरणी कशी पुसून घ्यायची, असं सावकाश, समजावून. बाकड्यावरचा माणूस ऐकायला लागला. जेवणाची वेळ होती, समोरच्या दुकानातही हीच बाई बोलत होती.

हैबती खाली बसला. कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"तुम्ही लावला कधी?"

"मुहूर्तावर. उन्हं कलताना."

"तेव्हा मुंबई स्टेशन बंद असतं हो. सकाळी लागतं, आत्ता दुपारी लागतं, मग थेट संध्याकाळी. मधे तिथं कोणी बोलतच नसतं."

"मंग आवाज आला तो? पाण्याचा?"

दुकानदारानं काटा थोडा सरकवला. बाई गेली. स्स्स्स.

"हा?"

"हाच."

"हा कशाचाच आवाज नाही. स्टेशन नसलं की येतो." त्यानं काटा मागं आणला, बाई परत आली. बरणीचं तोंड फडक्यानं बांधायला सांगत होती. "तुमचा सेट उत्तम आहे. घेऊन जा, संध्याकाळी लावा, घरचे खूश होतील."

घरचे. हा सेट वाडीत नेऊन संध्याकाळी लावला की तो बोलणार. तो बोलला की सगळ्यांना कळणार, पाण्यानं काही झालं नव्हतं. मग पोरीला बोललेलं कुठं ठेवायचं? रेडिओ बिघडलेला राहिला तरच हैबती खरा राहत होता.

"तरी परत घ्या," तो म्हणाला.

"चालतोय ना पण."

"म्हनून तर."

दुकानदारानं त्याच्याकडं बघितलं. काय समजलं कोण जाणे. "सदूची ओळख आहे," तो म्हणाला. "नको असेल तर ठेवा इथं. मी त्याला मुंबईला कळवतो. पुसून दुकानात लावायला होईल."

म्हणजे झालं होतं काम. ज्यासाठी हैबती घाट उतरून आला होता ते अगदी सहज झालं. तो चवाळं खांद्यावर टाकून निघाला. दुकानाबाहेर त्याला लोणचंवालीचा आवाज ऐकू येत राहिला. मग बाजारपेठ संपली.

*

पोलादपूरची गाडी उभी होती. हैबती चढून बसला. पुढच्या बाकावर वाडीशेजारचा चांगू गवळी, दूध घालून परत निघालेला. तो मागं वळला.

"काय हैबतीदादा, रेडिओ दिलात परत?"

"दिला."

"बरं केलंत. नक्की काय झालं व्हतं त्याला?"

"पाणी गेलं व्हतं आत."

"व्हय, कानावर आलं. सुनेच्या हातनं ना?"

"व्हय."

सकाळी म्हणाला असता तर ते नुसतं आणखी एक खोटं झालं असतं. बियाणं, मुखवटा, आणि हे. सकाळी त्याला ठाऊक नव्हतं असं निदान म्हणता आलं असतं. आत्ता त्यानं कोरडं बोट बघितलं होतं. आणि तरी तोंडातून "व्हय" किती सोपं निघालं! चांगू मान हलवून पुढं वळला होता. तो उद्या दूध घालायला दहा दारी जाणार, दहा दारी हे "व्हय" पोचणार.

गाडी सुरू झाली. हैबती उठला.

"आवो, कुठं?" चांगू ओरडला.

"ऱ्हायलं," हैबती म्हणाला आणि चालत्या गाडीतून उतरला. धोतर दाराच्या खिळ्यात अडकून फाटलं.

दुकानात रेडिओ अजून बोलत होता. दुकानदार ओल्या फडक्यानं हळद पुसत होता, एक बटण पुसून झालं होतं.

"ऱ्हाऊ द्या तसंच," हैबती म्हणाला. "बांधून द्या. आणि पाचाडची गाडी कवा हाय?"

*

"काय हाय त्यात?"

हे कोंडाजीनं विचारलं. स्वतःच्या ओट्यावर उभं राहून. या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही.

"रेडिओ," हैबती म्हणाला.

गाडीत बसल्या बसल्या त्यानं सगळं ठरवून आणलं होतं. ओट्यावर रेडिओ ठेवायचा. एक तार आंब्यावर टाकायची, दुसरी मोरीच्या ओल्या मातीत. बटण फिरवायचं. बाई बोलेल, लोणच्याचं का असेना. दारामागं आनंदी ऐकेल, कोंडाजी ऐकेल, शेजारपाजार ऐकेल. चाललेला रेडिओ सगळ्यांना दिसला की आपण काही बोलायला नको. जे सांगायचं ते तोच सांगेल.

तो गुडघ्यावर बसून तारा जोडत होता तेव्हा माणसं जमायला लागली होती. पाचाडला पावणा खोकं घेऊन आला की माणसं जमतात. त्यानं बटण फिरवलं.

स्स्स्स.

त्यानं वर बघितलं. उन्हं कलली होती. गडाची सावली खालच्या खाचरात उतरायला लागली होती. महाडला बाई बोलली, पण गाडीला लागलेला वेळ त्यानं मोजलाच नव्हता. तीच वेळ. मुहूर्ताची.

"ह्यो बिघडलेला दिसतोय की," गर्दीतलं कोणी म्हणालं.

कोंडाजी ओट्याच्या कडेला आला. "व्याही," तो हळू म्हणाला, "आता ह्यालाबी माझी पोरच कारण काय? ती तर हितं हातबी लावत नाय. आतमधी बसलीय."

स्स्स्स.

बंद करावा, खोकं उचलावं, संध्याकाळी परत यावं, असं हैबतीच्या मनात आलं. पण ह्या आवाजावर उठून गेलो तर ह्या अंगणात काय उरेल, तेही त्याला दिसलं. तांब्या घेतलेली एक पोर, आणि मरणारी वस्तू. इथंही.

"झालं ते असं," तो म्हणाला.

त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. तो पुन्हा म्हणाला.

"झालं ते असं. ह्या वेळेला मुंबईला बोलनारं कोणी नसतं. स्टेशन बंद. वाडीत लावला तवाबी हीच वेळ व्हती, मुहूर्ताची. रेडिओला कायबी झालं नव्हतं. महाडला दुकानात बोलला तो, मी ऐकला. पाणी आत गेलंच नव्हतं. थेंब नाय."

"मंग तुमी—" कोंडाजी मधेच बोलला.

"थांबा. बोलू द्या. पाणी गेलं असतं तरी पोरीच्या बोटाचं गेलं नसतं. नारळ मी फोडला. पाटाच्या कडेवरच फोडला, निम्मं पाणी रेडिओवर उडालं. मी धोतरानं पुसलं. कोणी बघितलं नाय. आनंदीनं बघितलं. ती सांगनार व्हती, तिनं तोंड उघडलं व्हतं, म्हणून मी आधी बोललो."

अंगणात रेडिओचं स्स्स्स चालूच होतं.

"आणि म्हस?" एका म्हातारीनं मागून विचारलं. पाचाडला म्हशीचंही पोचलं होतं.

"म्हस म्हातारी व्हती," हैबती म्हणाला. "आटायचीच व्हती."

कोणीतरी फसकन हसलं. हे हसू कोणी खोकल्यात घातलं नाही. हैबती मान खाली घालून फाटलेल्या धोतराचं टोक मुठीत धरून बसला.

"हे हितं सांगितलंत," कोंडाजी म्हणाला. "तिकडं वाडीत?"

"तिकडंबी सांगनार."

"ती तिथं असताना का नसताना?"

ती यावी असं म्हणायचा हक्क आपल्याकडं आहे की नाही हेच हैबतीला कळेना.

दार वाजलं. आनंदी बाहेर आली. पदर डोक्यावर, नजर खाली, सासऱ्यासमोर येते तशीच. ओट्यावर बसली. एक बटण पुसलेलं, एक हळदीचं, हे तिनं बघितलं. मग हळदीचं बटण धरून फिरवलं. खट. आवाज गेला.

"उगा बॅटरी जाते, मामंजी," ती म्हणाली.

"व्हय."

"सांजच्याला लागतो ना?"

"शेट तसं म्हणाला."

"मंग सांजपत्तूर बसा."

ती उठून आत गेली. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. कोंडाजीनं पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला, हातात दिला नाही. जमलेली माणसं घरी जायला निघाली नाहीत. काही आंब्याखाली बसली, एक-दोघांनी विडी पेटवली. त्यांनाही आता रेडिओ ऐकायचा होता.

उन्हं अजून अंगणातच होती. हैबती सगळ्यांच्या समोर, बंद रेडिओ शेजारी घेऊन, बसून राहिला.